खांद्याएवढी वाट

गाडीचं दार उघडलं तेव्हा सात वाजले होते
आणि टॅन्सीला शू लागली होती.
आमची प्रत्येक मोहीम अशीच सुरू होते.
जुनिपरच्या आडोशाला मेरिबेथ तिला सांगत होती,
त्या काळ्या खरपुडीवर पाय नको हं,
ती माती जिवंत आहे.
तुझ्या एका बुटाची खूण बुजायला
तू आजी होशील.
तेव्हापासून टॅन्सी चवड्यांवर चालते आहे,
झोपलेल्या घरातून चालावं तशी.

एस्कलांटेहून इथवर तासभर कच्चा रस्ता,
पन्हाळी पत्र्यासारखा, दात वाजवणारा.
एझ्रा माझ्या पाठीवरच्या झोळीत,
त्याच्या मुठीत माझे उरलेसुरले केस.
ओरिन आठ वर्षांचा. त्याच्याकडे नकाशा, शिट्टी
आणि प्रत्येक गोष्टीवर मत.

काल रेंजरबाईंनी दोनदा विचारलं,
पोरं बरोबर आहेत ना?
मग डोक्यावरचं आभाळ बघत बसू नका,
उत्तरेकडे बघा.
पाऊस तिकडे पडतो,
इकडे नुसता येऊन पोचतो.

मी ट्रक चालवतो. रुंदी मला नजरेनं कळते.
घळ आधी दोन ट्रक जातील एवढी,
मग एक,
मग एक घोडा,
मग मी, तिरका, झोळी छातीशी घेऊन.
भिंती तांबड्या, हाताला गार,
कुणीतरी अंगठ्यानं लोणी ओढावं तशा वळलेल्या.
वर, चार पुरुष उंचीवर,
एक ओंडका आडवा अडकलेला.
तो कुणी ठेवला? टॅन्सी.
मेरिबेथनं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तरेकडे.
दिसत होती ती बोटभर पट्टी निळी होती.
पाण्यानं, ओरिन म्हणाला,
जणू पाणी म्हणजे आमच्या गोदामातला एखादा हमाल.

आणि मग ती जागा.
सातव्या वर्षी माझ्या वडिलांनी मला
इथून पुढे ढकललं होतं,
आणि स्वतः इथेच थांबले होते.
मला वाटलेलं, दमले असतील.

ओरिन नळीतून पाणी जावं तसा गेला.
मागोमाग टॅन्सी, अजूनही चवड्यांवर.
वळणापर्यंतच! मी ओरडलो.
खडकानं ते तीनदा म्हणून दाखवलं,
दर वेळी थोडं कमी खात्रीनं.

मग आवाज थांबले.
गप्पा नाहीत. भांडण नाही.
ही दोघं झोपेतसुद्धा भांडतात.
एझ्राला उचकी लागली.
मी त्याला मेरिबेथकडे दिलं, बरगड्या आत ओढल्या,
खांदा घातला, पोट घालून पाहिलं.
भिंतीनं एक बटण ठेवून घेतलं
आणि मला परत केलं.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय,
ते मान वर करून बघितलं. ओंडका तिथेच होता.
शिट्टी ओरिनकडे होती.
मेरिबेथ हळूहळू आकडे म्हणत होती,
कशाचे ते मी विचारलं नाही.

शेहेचाळीसला टॅन्सीचं डोकं आलं.
ओठांवर बोट.
श्श्. तिकडे खड्ड्यात पाणी आहे,
पाण्यात बेडूक आहे,
तो आम्हाला बघत होता.
केवढा?
तिनं करंगळीचं नख दाखवलं.
ओरिनचे गुडघे सोललेले, चेहरा मोठ्या माणसासारखा.
आणि पुढे काय आहे रे?
तो माझ्याकडे बघतच राहिला.
तू गेला होतास ना बाबा?
गेलो होतो. पाय गार पडले होते.
तेवढंच आठवतं.

संध्याकाळी मोटेलच्या टबात तांबडा गाळ बसला.
तिघं एकाच पलंगावर, आडवीतिडवी,
टॅन्सीचे चवडे झोपेतही ताणलेले.
मी बाहेर येऊन केनॅबला फोन लावला.
म्हटलं, तेव्हा तुम्ही दमला नव्हतात ना?
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज,
उद्याच्या हवामानाचा.
मग ते म्हणाले,
कितवं बटण गेलं?